फ्लेक्सच्या दुकानातून ब्रशकडे : बोर्ड रंगवण्याचे काम कोणाकडून आणि कसे शिकावे

कराडजवळच्या एका गावातील तरुणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ती चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा उत्तीर्ण आहे, फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ या संगणकावरच्या डिझाइन प्रोग्रॅमवर मजकूर लावण्याचे काम करते आणि आता तिला हाताने बोर्ड रंगवणे व्यवसाय म्हणून शिकायचे आहे. शिकवणारे उस्ताद कुठे सापडतील, मुलगी म्हणून ते उभे करून घेतील का, एखादा कोर्स करावा का आणि या कामावर घर चालेल का, हे तिला जाणून घ्यायचे आहे. मी सांगली-मिरज भागात शिकाऊ उमेदवारीपासून हेच काम करत आलो आहे, म्हणून जे लिहितो ते याच भागातल्या कामाच्या आधाराने लिहितो.

उस्ताद अजून आहेत, पण ते मोबाइलवर शोधून सहसा सापडत नाहीत. ते पाट्यांवर सापडतात. आपल्याकडे बोर्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पेंटर स्वतःचे नाव टाकतो, त्याच्यापुढे ‘आर्ट्स’ किंवा ‘पेंटर’ असा शब्द आणि बहुधा गावाचे नाव असते. तालुक्याची जुनी बाजारपेठ, बाजार समितीचे आवार, पिठाच्या गिरण्या, विकास सोसायटीचे गोदाम, दूध संस्था, तालमी, देवळांचे सभामंडप आणि जिल्हा परिषदेच्या शाळा ही ठिकाणे सावकाश पायी फिरा आणि सही असलेल्या प्रत्येक पाटीचा फोटो घ्या. थोडे फोटो जमले की सही नसलेल्या पाट्यांवरचे हातही ओळखू येऊ लागतात, कारण ‘श्री’चे वळण, वेलांटीचा बाक आणि अनुस्वाराचा आकार या गोष्टी पेंटर सहसा बदलत नाही. मग या फोटोंमधून सर्वांत देखणी पाटी निवडू नका. जी पाटी अनेक पावसाळे खाऊनही पोपडे न धरता वाचता येते, ती कोणी केली ते शोधा. देखणे अक्षर आज पुष्कळांना काढता येते. पत्र्याला रंग धरायला लावणे मात्र ज्याला येते, त्याच्याकडूनच धंदा शिकता येतो.

जुन्या पाटीवरचा फोन नंबर बहुतेक वेळा बंद झालेला असतो. अशा वेळी गावातल्या रंगाच्या दुकानात जाऊन विचारावे, आणि विचारण्याचीही एक पद्धत आहे. “बोर्ड कोण रंगवतो” असे विचारले तर दुकानदार फ्लेक्सवाल्याचा पत्ता देईल. त्याऐवजी काळा, लाल, पिवळा आणि निळा ऑइल पेंट छोट्या छोट्या डब्यांत कोण नेतो, असे विचारा. घरे रंगवणारा माणूस एकाच रंगाचे मोठे डबे नेतो. चार रंगांचे छोटे डबे, एक बाटली टर्पेंटाइन आणि वॉटर पेपरचे (पाणी लावून घासायच्या कागदाचे) दोन कागद नेणारा माणूस बोर्ड पेंटरच असतो. याशिवाय ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीची बॉडी बांधणारी गॅरेजे, गणपतीचे कारखाने आणि स्वतः तुमचे फ्लेक्सचे दुकान हीही शोधण्याची ठिकाणे आहेत. फ्लेक्सचे यंत्र आल्यावर आपल्या भागातल्या कित्येक पेंटरांनी ब्रश ठेवून संगणक घेतला, आणि आज डिझाइन करणाऱ्यांपैकी पन्नाशीच्या पुढचा जो असेल त्याला एकदा ब्रश धरता येतो का ते विचारून पाहा. पुष्कळदा उस्ताद शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो.

भेटायला गेल्यावर “मला शिकवा” ही मागणी पहिल्याच दिवशी करू नये. बोर्ड पेंटर शिक्षक नसतो, आणि शिकवा म्हटले की त्याला अवघडल्यासारखे होते किंवा तो तुम्हाला टाळतो. त्याच्या एखाद्या पाटीचा फोटो दाखवून, “काका, अक्षराच्या सावलीची ही शेड कुठल्या बाजूने टाकलीत आणि मध्ये फट का सोडलीत?” असा नेमका प्रश्न विचारा. नेमका प्रश्न विचारणाऱ्याला तो अर्धा तास बोलतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यानंतर हाताखाली काम करण्याची तयारी सांगावी. आमच्या वेळी उमेदवारी म्हणजे डबे ढवळणे, पत्रा घासणे, ब्रश धुणे आणि शिडी धरणे होते आणि अक्षराला हात लावायला फार उशिरा मिळे. आज कोणी इतका काळ थांबू शकत नाही, थांबावे असेही मला वाटत नाही. तुमच्याकडे नोकरीचा पगार आहे, तर आठवड्यातला एक दिवस ठरवून त्या दिवसाचा मोबदला उस्तादाला देणे हा सरळ व्यवहार आहे, आणि बहुतेक वयस्क पेंटरांना तो हवाच असतो. दुसरा मार्ग असा की संगणकावरचे त्याचे काम, म्हणजे बिल, कोटेशन, कामाचे फोटो किंवा अवघड चिन्हाचा मोठा प्रिंट, तुम्ही करून द्यावे. यात तुमचीही सोय होते आणि त्याचा मानही राहतो.

वेळेचे भान मात्र ठेवावे लागते. गणपती, दसरा आणि दिवाळीच्या आधी पेंटर शिकवू शकत नाही, परंतु त्याच दिवसांत त्याला जास्तीचा हात हवा असतो, त्यामुळे हाताखाली उभे राहण्याची संधी तेव्हाच मिळते. आमच्या ऊसपट्ट्यात कारखान्यांचे गाळप सुरू होण्याआधी ट्रॉल्यांवर नावे टाकून घेण्याची गर्दी असते, तीही अशीच संधी आहे. कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेआधी त्यांची रंगरंगोटी व नावे होतात. घाटावर मात्र जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची कामे बंद पडतात, आणि उस्तादाकडे बसून बोलायला, जुने खाके (अक्षरांचे आणि चित्रांचे कागदी आराखडे) चाळायला आणि कागदावर अक्षरे तपासून घ्यायला त्याहून चांगले दिवस नाहीत.

एकच उस्ताद सगळे शिकवील अशी अपेक्षाही ठेवू नये. पत्र्यावरचे काम, भिंतीवरचे काम, मांजरपाटाच्या कापडावरचे फलक, गाडीवरचे काम, काचेवर मागच्या बाजूने उलटे लिहिणे आणि चित्र काढणे ही सगळी वेगवेगळी कसबे आहेत. काचेवर लिहिताना सर्वांत वरचा रंग सर्वांत आधी टाकावा लागतो, म्हणजे आधी झळाळीची रेष, मग अक्षर, मग शेड आणि शेवटी पाठीमागचा रंग. पत्र्यावर आयुष्य घालवलेला माणूस इथे गोंधळतो. म्हणून एकाकडून अक्षर, दुसऱ्याकडून भिंत आणि जमल्यास तिसऱ्याकडून काच असे शिकावे, आणि हे पहिल्या उस्तादाला सांगून करावे. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी नाटकांचे पडदे रंगवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे बाबूराव (१८९०–१९५४) चित्रपट आणि त्यांच्या पोस्टरांपर्यंत गेले. आमच्या भागातल्या पेंटरांत एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याची रीत इतकी जुनी आहे, त्यामुळे कोणाला त्यात विश्वासघात वाटण्याचे कारण नाही.

मुलगी म्हणून अडचण येईल का, याचे उत्तर झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही उस्ताद नाही म्हणतील, आणि ते तुमच्या हाताबद्दल शंका म्हणून नव्हे, तर बाजारात रात्री दुकाने बंद झाल्यावर शटर रंगवायचे असते, परांचीवर चढायचे असते आणि परगावी मुक्काम पडतो म्हणून म्हणतील. पहिल्या भेटीला घरचे कोणी बरोबर न्या, कामाची वेळ आणि परतण्याची सोय आधी ठरवा, आणि सुरुवात शाळांच्या भिंतींपासून करा. जिल्हा परिषदेच्या शाळांत भिंती ‘बोलक्या’ करण्याचे काम गेल्या काही वर्षांत वाढले आहे: पाढे, बाराखडी, नकाशे, सुविचार. तिथे दिवसाउजेडी काम होते, मुख्याध्यापकांशी व्यवहार असतो आणि एकाच भिंतीवर शेकडो अक्षरे काढायला मिळतात. स्वच्छता अभियानासाठी नगरपालिका भिंती रंगवून घेतात, त्या कामांतही मुलींचे गट आता सर्रास दिसतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने बाराखडीची एक भिंत दुकानाच्या दहा पाट्यांइतकी मोलाची आहे, कारण तिथे एकही अक्षर चुकवता येत नाही.

आता प्रत्यक्ष काय शिकायचे, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण उस्तादाकडे जाण्यापूर्वी हे माहीत असेल तर त्याच्या हाताकडे कुठे पाहायचे ते कळेल. तुम्ही संगणकावर मजकूर लावता, त्यामुळे अक्षरांमधले अंतर आणि ओळींमधले अंतर यंत्र ठरवते याची सवय झालेली आहे. हाताच्या कामात पहिली कसोटी अक्षराच्या वळणाची नसून आखणीची असते. समजा आठ फूट बाय तीन फुटांच्या पत्र्यावर ‘गुरुकृपा’ आणि त्याखाली ‘किराणा स्टोअर्स’ अशा दोन ओळी टाकायच्या आहेत. वरच्या ओळीत शिरोरेषेच्या वर काहीच येत नाही, पण ‘गु’ आणि ‘कृ’ यांच्या खाली चिन्हे लोंबतात. खालच्या ओळीत उलट आहे: ‘कि’ची वेलांटी, ‘स्टो’ची मात्रा आणि ‘र्स’चा रफार हे सगळे वर चढते आणि खाली मात्र काही उतरत नाही. म्हणजे गर्दी होणार ती दोन ओळींच्या मधल्या पट्टीत. नवशिका पत्र्याची उंची सारखी वाटून घेतो, आणि मग ‘कृ’चा ऋकार खालच्या वेलांटीत अडकतो. अनुभवी पेंटर ३६ इंचांची वाटणी साधारण अशी करील: वर ४ इंच मोकळे, ११ इंचांचे वरचे अक्षर, मध्ये तब्बल ९ इंच, ८ इंचांचे खालचे अक्षर आणि तळाला ४ इंच. शिवाय वर चारच अक्षरे असल्यामुळे ती रुंद करावी लागतात, नाहीतर वरची ओळ आखूड आणि खालची लांब होऊन पाटी वरच्या बाजूला उणी दिसते. आणि ‘गुरुकृपा’मधला ‘रु’ ऱ्हस्वच हवा; एकटा ‘गुरू’ दीर्घ लिहितात, समासात तो ऱ्हस्व होतो. गिऱ्हाईक चिठ्ठीवर काहीही लिहून देते, पण वर्षानुवर्षे भिंतीवर दिसणारी चूक पेंटरच्या नावावर जमा होते.

अंतराचेही असेच आहे. शिरोरेषेमुळे अक्षरे वर एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून खालच्या पोकळीवर नजर ठेवावी लागते. दोन उभे दंड शेजारी आले, जसे ‘राग’मध्ये काना आणि ‘ग’चा पहिला भाग, तर त्यांना श्वास घ्यायला जागा लागते, ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’ यांच्या दोन्ही बाजूंना खाली आपोआप पोकळी राहते, म्हणून ती जवळ ओढावी लागतात. ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडले नाहीत तर खानावळीची ‘रवानावळ’ होते, आणि अशा पाट्या तुम्ही पाहिल्याही असतील. आखणी झाल्यावर चार-पाच पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहायचे, मजकूर वाचायचा नाही, फक्त काळे आणि मोकळे पट्टे सारखे पसरले आहेत का ते पाहायचे. उस्ताद बोर्डापासून कितीदा मागे जातो ते मोजा. नवशिक्याला ब्रश चालवण्याची घाई असते. जाणता माणूस बराच वेळ नुसता उभा असतो.

ब्रश चालवण्याबद्दल लिहून फार सांगता येत नाही, तरी एक अक्षर पाहू. सपाट ब्रशने ‘र’ काढताना रंग ब्रशच्या टोकापर्यंतच घ्यायचा, मुळापर्यंत बुडवायचा नाही, आणि गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चापट करून घ्यायचा, म्हणजे केस एका धारेत येतात. डाव्या हातात काठी, तिचे टोक बोर्डाच्या कडेला टेकवलेले, उजवे मनगट त्या काठीवर. शिरोरेषेपासून खाली आल्यावर पोट वळवताना मनगट वळत नाही. बोटांच्या चिमटीत ब्रशचा दांडा फिरतो. ही फिरकी साधली की जाड रेष आपोआप बारीक होते. तिरपा पाय एका दमात खेचायचा आणि टोकाला ब्रश उचलताना कोपऱ्यावर उभा करून उचलायचा, म्हणजे कड धारदार येते. रंग घट्ट असेल तर रेष तुटते, पातळ असेल तर ओघळते. टर्पेंटाइन किती टाकायचे हे हवामानावर ठरते आणि ते उस्तादाच्या डब्यात स्वतः ब्रश बुडवूनच कळते. शिरोरेषा शेवटी भरणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच आहे, कारण अक्षरांच्या माथ्यावरचे लहान-मोठे सगळे तिच्याखाली झाकते.

इंग्रजी अक्षरांचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि ब्रश धरणे, काठी वापरणे, रंग चापट करणे यासाठी ते जरूर पाहावेत. मात्र रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते आणि आपले वरच्या रेषेला टांगलेले असते. शिवाय बोरूचा कापही रोमन लेखणीच्या उलट तिरपा असल्यामुळे जाड आणि बारीक रेषांच्या जागा बदलतात. व्हिडिओतले वळण जसेच्या तसे देवनागरीवर चढवले की अक्षर पाहुणे वाटते. संगणकावरच्या फॉन्टची हुबेहूब नक्कलही करू नका. श्रीलिपीतल्या ठरावीक टायपांची इतकी सवय झालेली असते की हाताने काढलेली पाटीसुद्धा प्रिंट वाटू लागते, आणि मग गिऱ्हाइकाने जास्त पैसे का द्यावेत याचे उत्तर उरत नाही. अक्षराचे स्वरूप कोणते घ्यावे अशी शंका आली तर महाराष्ट्र शासनाचा वर्णमालेसंबंधीचा निर्णय पाहावा. त्यात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हे मराठीसाठी प्रमाण मानले आहेत. शाळेच्या भिंतीवर तरी याला पर्याय नाही.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते हाताखाली राहून आपसूक येते. नवा पत्रा तेलकट असतो, तो पुसून, घासून, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात मारून, खड्डे असतील तिथे लांबी (पुट्टी) भरून पुन्हा घासायचा आणि मग बेसचे, म्हणजे अक्षरामागच्या रंगाचे, दोन हात. प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा नाही. भिंत ओली असेल तर कोणताही रंग टिकत नाही, मग पेंटर कितीही नामांकित असो. लाल रंग उन्हाने लवकर विटतो, म्हणून दक्षिण-पश्चिम तोंडाच्या दुकानाला लाल अक्षराऐवजी लाल बेसवर पांढरे अक्षर सुचवावे. बेस फिका पडला तरी पाटी वाचता येते. लांबून वाचण्यासाठी दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचे अक्षर असा ठोकताळा रोमन अक्षरांसाठी वापरतात. देवनागरीत जोडाक्षरांमुळे आत बारीक जागा तयार होतात, म्हणून मी त्याहून थोडे मोठेच घेतो.

दोन गोष्टींत उस्तादाचे ऐकू नका. एक म्हणजे ब्रश. जुने पेंटर मुंगसाच्या केसांच्या ब्रशची तोंडभरून स्तुती करतात, आणि तो ब्रश खरोखरच रंग छान धरतो. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे आणि २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या मोहिमेत देशभर अशा ब्रशांवर छापे पडले होते. चांगल्या नायलॉनच्या ब्रशने सगळे काम होते, फक्त सवय व्हावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे जुना बोर्ड कोरडा खरवडणे. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल रंगांत, शिसे असे. घरगुती व सजावटीच्या रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या पाट्यांचा भरवसा नाही. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क लावा आणि रंगाच्या हाताने भाकरी खाऊ नका. परांचीवर चढताना विजेच्या तारा आधी पाहा; अॅल्युमिनियमची शिडी तारांच्या जवळ नेणे हाही या धंद्यात उंचीइतकाच मोठा धोका आहे.

कोर्सबद्दल विचारले आहे. काही शासकीय आयटीआयमध्ये ‘पेंटर जनरल’ हा ट्रेड आहे. त्यात लाकूड, लोखंड, भिंत, स्प्रे हे सगळे शिकवतात आणि अक्षरांचा भाग त्यामानाने थोडा असतो. त्याचा खरा फायदा पुढे होतो, कारण शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली एस.टी. महामंडळ आपल्या कार्यशाळांसाठी जे उमेदवार घेते, त्यात पेंटरही असतात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. गाडीवरचे काम शिस्तीत शिकायचे असेल तर हा मार्ग चांगला आहे, विद्यावेतनही मिळते. उपयोजित कलेची पदवी किंवा पदविका घ्यायची असेल तर मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था, पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय, कोल्हापुरातील कलानिकेतन आणि दळवीज या कलासंस्था, किंवा गोव्यात पणजीच्या आल्तिनो भागातले गोवा कला महाविद्यालय हे पर्याय आहेत, परंतु तिथून तुम्ही डिझायनर होऊन बाहेर पडाल, बोर्ड पेंटर नव्हे. नोकरी सोडून त्यासाठी काही वर्षे घालवावीत असे मला तुमच्या बाबतीत वाटत नाही. सुलेखनाची छोटी कार्यशाळा मात्र जरूर करा. अच्युत पालव यांची नवी मुंबईतील सुलेखनशाळा सर्वांना माहीत आहे. सुलेखनात अक्षर भावनेनुसार वाकवता येते आणि पाटीवर ते रस्त्यावरून जाणाऱ्याला एका नजरेत वाचता आले पाहिजे, एवढा फरक ध्यानात ठेवून शिकलात तर हात मोकळा होतो. याशिवाय कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके मिळतील तिथे पाहा आणि ट्रेसिंग कागद ठेवून गिरवा. थोड्याशा जागेत दोन शब्द कसे बसवायचे, हे आखणीचे शिक्षण त्याहून चांगले मला दुसरीकडे दिसलेले नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. फ्लेक्सशी दराची बरोबरी करायला जाऊ नका, ती होणार नाही. वाढदिवसाचा फलक फ्लेक्सवरच होणार आणि होऊ द्यावा. दुचाकी-चारचाकीच्या नंबर प्लेटचे कामही गेले: १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे, आणि आकड्यांना वळण देऊन आडनाव वाचता येईल अशी प्लेट रंगवून मागणारे अजून येतात, त्यांना सरळ नाही म्हणावे. टिकून राहिलेली कामे वेगळी आहेत: शाळा, देवळे, तालमी, ट्रॉल्या, होड्या, शटर, पाण्याच्या टाक्या, ग्रामपंचायतीचे फलक, आणि अलीकडे हॉटेले व कॅफे, ज्यांना जुन्या पद्धतीची पाटी मुद्दाम हवी असते. रसवंतीगृहांचे काम तर दर उन्हाळ्याआधी ठरलेले. कानिफनाथ आणि नवनाथ ही नावे मी डोळे मिटून काढू शकेन. मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावे असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा शहरांत एकदम धावपळ झाली. त्यातले बहुतेक काम अॅक्रिलिक आणि एलईडीकडे गेले हे खरे, पण आधीच्या इंग्रजी पाटीवर एक मराठी ओळ हाताने वाढवून देण्याची छोटी कामे आजही मिळतात आणि शिकाऊ हाताला ती चांगली.

दर नुसता चौरस फुटावर सांगू नये. पत्रा किंवा भिंत तयार करणे, आखणी, अक्षरे, चित्र, परांची आणि प्रवास हे वेगवेगळे लिहून कोटेशन द्यावे, मजकूर कागदावर लिहून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि अर्धी रक्कम इसार घेतल्याशिवाय पत्रा विकत आणू नये. कोणाच्या भिंतीवर जाहिरात रंगवायची असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली गुन्हा नोंदला जातो तेव्हा पोलीस आधी ब्रश हातात असलेल्या माणसाला गाठतात, काम देणाऱ्या कंपनीला नव्हे.

फ्लेक्सची नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. तुमच्या दुकानात रोज जे गिऱ्हाईक येते, त्यातले काही जण कायमस्वरूपी पाटी विचारतात आणि मालक त्यांना दुसरीकडे पाठवतो. मालकाशी बोलून अशी कामे कमिशन ठरवून उस्तादाकडे न्या आणि स्वतः हाताखाली उभ्या राहा. शाळेच्या भिंती, दोन-तीन ट्रॉल्या आणि एखादे शटर तुमच्या एकटीच्या हातून पूर्ण झाले आणि पुढच्या हंगामातली काही कामे इसारासह हातात आली, की मग नोकरीचा विचार करा. तोवर रविवार उस्तादाचा आणि रोज संध्याकाळी घरी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर तासभर उभ्या दंडांचा सराव, एवढे पुरे आहे.